दुसऱ्याच चालीला उडी

अमरावती,
माघ शुद्ध पंचमी, शके १७८६

प्रिय खुशाल,

कापूस विकला गेला, बैल धडधाकट परत आले आणि बुद्धिबळाच्या शेवटच्या डावात मी हरलो. पहिल्या दोन गोष्टी कुणी बाळापूरकडे येणाऱ्या गाडीवानानेही तुला सांगितल्या असत्या. तिसरीसाठी मात्र मला स्वतः लिहायला बसावं लागलं. ओसरीवर लोक बसले असतील तर ते उठून गेल्यावर वाच. पाटलाच्या ओसरीवर लोक कायम असतात हे मला ठाऊक आहे, तरी वाट पाहा.

इथे बाजाराला अजून भरती आहे. कापूस तोलायच्या काट्यापाशी बैलबंड्यांची रांग लागते ती पार नाल्यापलीकडे जाते, आणि माणसं पाळी येईपर्यंत तिथेच स्वयंपाक करतात, तिथेच झोपतात. कापसाला भाव चढवणारी सातासमुद्रापलीकडची लढाई संपत आली असं कुणी म्हणतं, कुणी म्हणतं अजून दोन सुगी चालेल. ज्यांनी ज्वारी मोडून सगळ्या वावरात कापसाची पऱ्हाटी लावली ते दुसऱ्या बोलण्यावर विश्वास ठेवतात. एका खेड्यातल्या माणसाने बंडीच्या चाकाला चांदीची धाव बसवली म्हणे. मी पाहिली नाही. पण ज्याने पाहिली त्याला पाहिलेली माणसं पुष्कळ भेटली. अशा दिवसांत रिकाम्या हातांना काहीतरी हवं म्हणून गोवर्धनशेठने आपल्या वखारीच्या अंगणात बुद्धिबळाचे सामने लावले. कापसाचा व्यापारी असून त्याला या खेळाचं वेड आहे. जिंकणाऱ्याला जरीकाठी पागोटं. नाव कुणीही द्यावं. गाडीवान, अडते, एक मुनशी, अकोल्याचे एक वकील, असे बरेच जमले. तुझी वहिनी रुख्मिणी म्हणाली, “जा, नाई तं घरात बसून माह्या चुलीले नावं ठेवान.” मग मीही नाव दिलं.

सुरुवातीलाच नियमांवरून अर्धा दिवस वाद झाला. एका गोऱ्या व्यापाऱ्याचा कारकून म्हणाला की साहेब लोकांत प्यादं पहिल्या चालीला दोन घरं जातं, इथेही तसंच ठेवा. वकील त्याच्या बाजूने होते. शेठ म्हणाला, “साहेबाच्या घरी साहेबाचं प्यादं. माझ्या अंगणात प्यादं एकच घर चालेल.” आणि मग सगळ्यांसमोर आपले देशी नियम वाचून दाखवले: प्यादं एक घर; राजाला साऱ्या डावात एकदाच घोड्यासारखी उडी, तीही पहिला शह बसायच्या आत; प्याद्याने मात केली तर तिचा मान सगळ्यांत मोठा. मला बरं वाटलं. आपण बाळापूरच्या मन नदीच्या वाळूत रेघा मारून, चिंचोके मांडून ज्या नियमांनी खेळलो तेच हे.

वकिलांना मी दुसऱ्या दिवशी हरवलं. चांगले खेळतात, पण हत्ती हातचा जाईल या भीतीने त्याला कोपऱ्यातच ठेवतात. मुनशीशी डाव फार लांबला. शेवटी मी आणि एक बडनेऱ्याचा माणूस असे दोघे उरलो. त्याला सगळे नुसतं ‘मुकादम’ म्हणत. बडनेऱ्याला आगगाडीच्या लोखंडी सडकेवर पुलाचं काम चाललं आहे, तिथे तो गवंड्यांवर मुकादम आहे. उंच, उन्हाने रापलेला, दाढी राखलेला. खेळताना कुणाशी बोलत नसे, आणि स्वतःची चाल करून झाली की उठून पाणी पिऊन येई. मी त्याचे आधीचे डाव लांबून पाहिले होते. सरळ खेळत होता, मधली प्यादी पुढे, घोडे बाहेर, चारचौघं खेळतात तसंच.

शेवटच्या डावाला अंगण भरलं होतं. लाल सोंगट्या त्याच्याकडे आल्या, म्हणजे पहिली चाल त्याची. त्याने राजाकडच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे केलं. ही चाल कुणीही करतो. मी मधलं प्यादं सरकवलं. आणि खुशाल, दुसऱ्याच चालीला त्याने राजा उचलला आणि घोड्याची उडी मारून त्या प्याद्यामागच्या रिकाम्या घरात बसवला.

लोक हसले. कुणीतरी ओरडलं, “लढाई लागाच्या आंधीच राजा पयाला!” सगळे ती उडी अडचणीच्या वेळेसाठी राखून ठेवतात; डाव उघडताना ती खर्चून टाकणारा माणूस अडाणी समजतात. मी हसलो नाही. ही मांडणी तुझी आहे. पंतोजींच्या शाळेत असताना तुला ताप भरला होता आणि तू तीन दिवस अंथरुणावर होतास, तेव्हा तू ती काढलीस. राजा आधी सुखरूप बसवायचा आणि मग त्या बाजूची चिंता सोडून सगळं सैन्य मधे आणायचं. बाहेरच्या कुणाला दाखवायची नाही असं आपण ठरवलं होतं. मी आजवर कुणाला दाखवली नाही. तू तुझ्या घरात एकालाच शिकवलीस, तेही मला माहीत आहे, कारण मी समोर बसलो होतो. पट दिसावा म्हणून त्याला पाटावर उंच बसवावं लागत असे.

मी मान वर करून त्या माणसाकडे नीट पाहिलं. दाढीखाली हनुवटी कशी आहे ते कळत नव्हतं. पण भुवया मैनावहिनीच्या होत्या, आणि माझ्याकडे न पाहता पटाकडे पाहत राहण्याची रीत तुझी होती. मी त्याला शेवटचं पाहिलं तेव्हा त्याला नुकतं मिसरूड फुटत होतं, म्हणून इतके दिवस त्याच अंगणात असून ओळखलं नाही. त्याने मात्र मला पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. हे त्याने नंतर सांगितलं.

हो, तो सहदेव होता. तुझा थोरला.

पत्र इथेच खाली ठेवू नकोस. मला माहीत आहे की तू त्याच्या नावाने आंघोळ करून बसला आहेस. शकुनला घेऊन तो गेला तेव्हा तू पंचांसमोर उभा राहून म्हणालास की मला एकच मुलगा, भगवंत. पंचांचा प्रमुखही तूच होतास, तेव्हा तुला दुसरं काही बोलता आलं असतं की नाही, हे मी आजही सांगू शकत नाही. ती माळ्याची, त्यात विधवा. नदीकाठच्या मळ्यातली वांगी आणि फुलं घेऊन बाजारात बसायची. आपण कुणबी. आपल्यातल्या विधवेशी त्याने पाट लावला असता तर चार दिवस कुरकूर होऊन मिटलं असतं. जे झालं ते मिटण्यासारखं नव्हतं, निदान बाळापुरात नव्हतं. मला वाद घालायचा नाही. काय घडलं ते सांगतो.

डाव सुरू होता आणि माझी चाल होती. तुझ्या त्या मांडणीवर तोड आहे. ती तूच काढलीस. दसऱ्याला मी तुझ्याकडे आलो तेव्हा तू मला ती दाखवलीस: कडेचं, हत्तीपुढचं प्यादं एकेक घर खाली पळवायचं, राजावरचं छत फोडायचं, कडेची वाट मोकळी झाली की हत्ती बळी द्यायचा, राजाला बाहेर ओढायचं आणि वजीर आत घालायचा. मी कडेचं प्यादं एक घर पुढे केलं. मग आणखी एक. तेव्हा तो पाणी प्यायला उठला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो पटावर माझ्याशी बोलला, तेही इतकं हळू की शेजारच्यालाही ऐकू गेलं नसेल.

“काका, ही तोड तुमची नाई.”

मी म्हटलं, “नाई.”

“मंग कोनाची हाय?”

“तुह्या बापाची. औंदा दसऱ्याले दाखवली मले.”

त्याने माझं ते प्यादं बोटाने घराच्या मधोमध सरकवलं. मग म्हणाला, “अजून मांडते थो हा डाव?”

“मांडते.”

“कोनासंग?”

मी सांगितलं, “एकटाच. दोन्ही बाजूनं थोच खेयते.”

खुशाल, दसऱ्याला मी तुला हे विचारलं नव्हतं. पट एकट्यापुढे मांडलेला होता आणि दोन्हीकडच्या सोंगट्या हललेल्या होत्या, हे मी आल्या आल्या पाहिलं होतं. तू मला तोड दाखवताना म्हणालास, “असाच बसलो होतो.” मी पुढे काही विचारलं नाही. कुणाला काही सांगू नकोस असं तूही म्हणाला नव्हतास, म्हणून मी सांगून टाकलं.

त्यानंतर तो खेळला. मला वाटलं होतं की आता तो चूक करेल, आणि खरं सांगायचं तर मी त्याला सूट देण्याचाही विचार केला. दिली नाही. दिली असती तर त्याला कळलं असतं, आणि तुला तरी मी काय तोंड दाखवलं असतं? मी कडेची वाट फोडली, हत्ती खाली उतरवला, शह दिला. तू म्हणाला होतास की इथे राजाला हत्ती घ्यावाच लागतो. त्याने घेतला नाही. राजा एक घर आत सरकवला. मी वजीर आणला, त्याने राजा आणखी एक घर आत नेला. तो ज्या घरातून उडी मारून गेला होता तिथेच परत येऊन बसला. माझा हत्ती आणि वजीर दोघेही कडेला पडलेले, आणि मधे त्याचे दोन घोडे, दोन उंट आणि एकमेकांना धरून चाललेली प्यादी. पुढे मी फार वेळ टिकलो, पण डाव तिथेच गेला होता. शेवटी त्याने प्याद्याने मात केली. अंगणात एवढा गलका झाला की काट्यावरची माणसं काम टाकून आली. तुझ्या तोडीवर तोड आहे, एवढं लक्षात ठेव. पट मांडून पाहा, पटेल तुला.

पागोटं कुणी बांधायचं हे शेठने ठरवलं नव्हतं. तो म्हणाला, “किसनराव, तुम्ही वडीलधारे. तुम्हीच बांधा.” त्याला काय माहीत! सहदेवाने मान खाली केली. मी पागोटं बांधलं. एका बाजूला जरा सैल झालं, पण बसलं. बांधून झाल्यावर तो माझ्या पाया पडला तेव्हा लोकांना वाटलं जिंकणाऱ्याची नम्रता.

वखारीबाहेर आल्यावर आम्ही थोडं चाललो. तो म्हणाला, “समोर तुमी हाय हे ठाऊक होतं म्हनून मांडला तो डाव. दुसऱ्या कोनापुढं मांडला नसता.” मी म्हटलं, “मले ओयख द्याची होती तं पहिल्याच दिशी का नाई दिली?” तो म्हणाला, “तुमी तोंड फिरवलं असतं तं? डावात मानूस उठून जात नाई.”

त्याने मला घरी चला म्हटलं नाही. म्हणणं त्याला शोभलंही नसतं. त्याच्या घरचं पाणी प्यालेल्या माणसाचं काय होतं हे त्याला पुरतं ठाऊक आहे. तो बडनेऱ्याच्या रस्त्याला वळला आणि मीही वळलो. मीच विचारलं, “आज जेवाले काय हाय तुह्या घरी?” तो थांबला. म्हणाला, “काका, इचार करा.” मी म्हटलं, “भूक लागली का मानूस इचार करत नाई.” हे खोटं होतं. विचार मी केला होता, रस्ताभर तेच करत होतो.

सडकेच्या बाजूला मुकादमांच्या झोपड्या आहेत. त्याची सगळ्यांत शेवटची. मागच्या दोन हात जमिनीत शकुनने मेथी, वांगी आणि झेंडू लावला आहे, दगडगिट्टीच्या रानात तेवढाच हिरवा तुकडा. मी कोण ते कळल्यावर ती दारातच उभी राहिली. डोक्यावरचा पदर पुढे ओढून म्हणाली, “काकाजी, बसा, पन जेवा नका. तुमी इथं जेवसान तं उद्या तुमच्या घरी पानी कोन पेईन?” तिला माझी काळजी होती, खुशाल. ज्या बाईला आपण सगळ्यांनी तुझ्या घराबाहेर ठेवलं ती माझं घर राखायला पाहत होती. मी हातपाय धुतले आणि पाटावर बसलो. भाकर, भरली वांगी, ठेचा. वांगी तशी मी पुष्कळ दिवसांत खाल्ली नव्हती. त्यांना एक मुलगी आहे, जयवंता. ती माझ्या पागोट्याचा शेव धरून उभी राहिली आणि मी जेवून उठेपर्यंत सोडायला तयार नव्हती. तिला कुणी आजोबा असतो हे सांगितलेलं दिसत नाही, कारण तिने मला ‘तुम्ही कोण’ म्हणून विचारलं तेव्हा शकुन भाकर आणायला वळली आणि सहदेव पाणी आणायला उठला. मी सांगितलं, “मी हरलेला मानूस.” ती हसली.

सहदेवाने तुझ्याबद्दल पुन्हा एक शब्द काढला नाही. निघताना एवढंच विचारलं, “मायचे डोये कसे हायेत?” मी सांगितलं की उजव्याने आता फारसं दिसत नाही, पण घरात अंदाजाने वावरते.

घरी आल्यावर रुख्मिणीने बक्षिसाचं पागोटं कुठे आहे विचारलं. मी सांगितलं, हरलो, आणि मग बाकीचंही सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली, “जेवले?” मी म्हटलं, “जेवलो.” ती उठली, मी प्यालेल्या तांब्यातलं उरलेलं पाणी घटाघटा प्याली आणि म्हणाली, “घ्या. आता मी बी बाटली. घरात दोन रीती नको.” तुझ्या वहिनीचं हे असं आहे.

पण त्यानंतर आमचं भांडण झालं, आणि ते चार दिवस चाललं. कारण तुला ठाऊक आहे. आमची वच्छला तुझ्या भगवंताला दिली आहे, सुपारी फुटली आहे, वैशाखात मांडव पडायचा आहे. रुख्मिणीचं म्हणणं, आत्ता कुणाला काही सांगू नका. लग्न होऊ द्या, पोरगी नांदायला जाऊ द्या, मग वर्षा-दोन वर्षांनी कळलं तर कळलं. म्हणाली, “तुमी जेवले ते तुमचं पोट. त्याचा भोग माह्या पोरीनं काहून भोगाचा?” तिचं चुकत नाही. वच्छलाच्या कानावर हे गेलं तेव्हा ती आईजवळ जाऊन बसली. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं की पुढे काय होतं हे मला कुणी समजावून सांगायला नको. चार दिवस मी बाजारात जाऊन नुसता बसून आलो. आज सकाळी रुख्मिणीनेच दौत पुढे आणून ठेवली. म्हणाली, “लिवा. पन मोडलं ना, तं मी तुमच्यासंग बोलनार नाई.” म्हणून लिहितो आहे.

तर आता ऐक. तू पंचांचा प्रमुख आहेस आणि माझा होणारा व्याही आहेस. मी सहदेवाच्या घरी जेवलो आहे, आणि पुन्हा बोलावलं तर पुन्हा जेवेन. माझ्या घरी जो जेवेल तो सहदेवाच्याही ताटाला लागला, असं तुझ्या पंचांच्या हिशोबाने होतं. हे लपवून मी मुलगी देणार नाही. दुसरं, लिहायला बसण्याआधी मी आज बडनेऱ्याला जाऊन लग्नाचं आमंत्रण देऊन आलो. सहदेव, शकुन आणि जयवंता माझ्याकडून येतील, पहिल्या पंगतीला माझ्या शेजारी बसतील, आणि वरबापाचं, म्हणजे तुझं, पान मी त्यांच्यासमोर मांडणार आहे. तुला हे चालणार नसेल तर तसं कळव. मी वच्छलाची हळद थांबवीन, आणि आपली मैत्री राहील, सोयरीक राहणार नाही. चालणार असेल तर दोन ओळी पुरेत. मात्र कोणतंही उत्तर लिहिण्याआधी हे पत्र मैनावहिनीला जवळ बसवून, पहिल्यापासून, मोठ्याने वाचून दाखव. काही गाळू नकोस. आणि ती जे म्हणेल ते तिच्याच शब्दांत मला लिही.

तुझाच,
किसन